सायकल-दुरुस्ती साइट: विषय आणि अपडेट यांची वही (जुलै 2025 ते जानेवारी 2026)

शनिवार, 19 जुलै 2025

गूगलचं जूनचं कोअर अपडेट (शोधनिकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) 30 जूनला सुरू झालं आणि परवा, 17 तारखेला संपलं. आपली पानं गूगलवर किती दिसली, किती उघडली गेली हे दाखवणारं सर्च कन्सोल मी या अडीच आठवड्यांत रोज पाच-सहा वेळा तरी उघडलं असेल. दर वेळी नवीन कारण सापडलं आणि दर वेळी तेच खरं वाटलं. त्यातलं एकही लिहून ठेवलं नाही, म्हणून ही वही.

गूगलचा सल्ला असा: अपडेट संपल्यावर पूर्ण एक आठवडा जाऊ द्या, मग अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी ताडून पाहा. तोवर लेखांना हात लावायचा नाही असं आमचं ठरलं होतं. दादाने 10 तारखेलाच तीन लेखांची शीर्षकं बदलून ठेवली होती, ते आज कळलं. मी ती पूर्ववत केली. त्या तीन लेखांचं जे काही होईल त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, एवढं इथे टिपून ठेवतो.

कामाची वाटणी आहे तीच. दादा बेंचवर, मी कीबोर्डवर. एकूण लेख 212. त्यातले बरेचसे मी दादाला न विचारता लिहिलेत. ही ओळ तो वाचणार आहे, तरी राहू दे.

मंगळवार, 29 जुलै

तुलना केली: 22 ते 28 जून आणि 20 ते 26 जुलै. दोन्ही आठवडे रविवार ते शनिवार. वार जुळवणं आमच्यासारख्या साइटला फार गरजेचं, कारण लोक सायकल उघडून बसतात सुट्टीच्या दिवशी. गेल्या वर्षी मी पाच दिवसांची सात दिवसांशी तुलना करून दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो.

आकडा वाईट आहे. क्लिक्स साधारण एक तृतीयांशाने कमी झालेत. पण एकूण आकड्यातून काहीच कळत नाही, म्हणून पानवार यादी काढली आणि दोन ढीग केले. गूगलच्याच मदतपानात यासाठी चांगलं उदाहरण आहे: दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर येणं ही किरकोळ घसरण, चौथ्यावरून 29 व्यावर जाणं ही मोठी. किरकोळ घसरणीसाठी पान उलथंपालथं करू नका, मोठी असेल तर पानाकडे नीट बघा.

मोठ्या ढिगात 31 पानं आली. बाकीची जवळपास जागच्या जागी. म्हणजे साइट बुडालेली नाही, 31 पानं बुडालीत. रात्री बरी झोप लागेल.

रविवार, 3 ऑगस्ट

31 पानांच्या प्रिंट काढल्या. स्क्रीनवर आपलं लिखाण नेहमीच बरं दिसतं, कागदावर त्याचं पितळ उघडं पडतं. दादा आणि मी आळीपाळीने मोठ्याने वाचत बसलो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच प्रश्न लिहिला: हा विषय कुठून आला?

उत्तरं मोजली. 31 पैकी 22 विषय कीवर्ड टूलमधून आलेले. टूलने सांगितलं की अमुक शब्द महिन्याला इतके लोक शोधतात आणि स्पर्धा कमी आहे. मी तो शब्द शीर्षकात घातला आणि खाली बाराशे शब्द ओतले. ‘सर्वोत्तम 10 हेडलाइट’ त्यातलाच. दहापैकी दोन आमच्याकडे आहेत, उरलेले आठ मी दुसऱ्यांची वर्णनं वाचून लिहिले. निव्वळ खोगीरभरती. दादा म्हणाला, “हे वाचून मी तरी दिवा घेतला नसता.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबर 2022 मध्ये गूगलने शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांच्या मार्गदर्शक सूचनांत ‘अनुभव’ हा मुद्दा नव्याने घातला. आधी कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता हे तीनच होते. हे परीक्षक कुठल्याही एका पानाची रँक स्वतः खालीवर करत नाहीत, पण गूगलला कशाला चांगलं म्हणायचं आहे ते त्या सूचनांतून कळतं. ऑगस्ट 2022 मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ नावाचं वेगळं अपडेट आलं होतं. मार्च 2024 मध्ये ते मुख्य रँकिंगमध्येच मिसळून टाकलं. त्यामुळे आता अमुक अपडेटने मारलं असं बोट दाखवायची सोय उरलेली नाही. मी हे सगळं त्या त्या वेळी वाचलं होतं, समजलंही होतं. आणि तरी जानेवारीत हेडलाइटचा लेख लिहिला.

उरलेल्या नऊ पानांचं दुखणं वेगळं आहे. ते पुढच्या नोंदीत.

शनिवार, 9 ऑगस्ट

त्या नऊपैकी चार पानं एकट्या चेनवर. ‘चेन सैल झाली तर’, ‘चेन कधी बदलावी’, ‘चेन झिजल्याची लक्षणं’, ‘चेन घसरण्याची कारणं’. चार वर्षांत चार वेळा लिहिलेला जवळजवळ एकच लेख. सर्च कन्सोलमध्ये एक क्वेरी (लोक गूगलमध्ये टाकतात ते शब्द) निवडून ‘पेजेस’ टॅब पाहिला, तर तिच्यासाठी गूगल एका दिवशी एक पान दाखवतंय, दुसऱ्या दिवशी दुसरं. चौघांत मिळून एकही धड वर नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

दादाचं म्हणणं, सगळी 31 पानं उडवून टाका. गूगल म्हणतं, पान काढून टाकणं हा शेवटचा उपाय, सुधारता येत असेल तर सुधारा. बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: चेनच्या चार पानांचं एक पान करायचं, जुन्या तीन पत्त्यांवरून 301 रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडला की वाचक आपोआप नव्या पानावर. ‘सर्वोत्तम 10’ छापाची सहा पानं काढायची, कारण ती सुधारायची तर वस्तू विकत घेऊन वापराव्या लागतील आणि ते होणार नाही. उरलेल्या एकवीस पानांचं एकेक करून पाहायचं.

जुन्या पानांवर नुसती आजची तारीख टाकायचा मोह मलाही झाला होता. शिळ्या कढीला ऊत. गूगल आपल्या सूचनांत हाच प्रश्न विचारतं: मजकूर फारसा न बदलता पान ताजं दिसावं म्हणून तारीख बदलताय का? मी खाली मान घालून पुढे गेलो.

गुरुवार, 14 ऑगस्ट

आता मूळ प्रश्न. टूल नको, तर विषय आणायचे कुठून?

आज दिवसभर सर्च कन्सोलच्या क्वेरी उकरल्या. तिथे एका वेळी जास्तीत जास्त 1000 ओळी दिसतात, म्हणून पानवार गाळणी लावून तुकड्यातुकड्याने उतरवलं. डेटा 16 महिन्यांपर्यंतचाच मिळतो. फार थोड्या लोकांनी विचारलेल्या क्वेरी खाजगीपणासाठी दाखवतच नाहीत, त्यामुळे शेपटीचा बराच भाग अंधारातच राहतो.

मग रेजेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन ओळी गाळायची पद्धत. प्रश्नार्थक शब्द असलेल्या क्वेरी हव्या होत्या: का, कशी, कसं, कसे, किती. साधा ‘का’ घातला तर ‘काढणे’, ‘काळी’, ‘चाक’ सगळं येऊन पडलं. ‘चाक’ का आलं हे कळायला वेळ लागला. ते ‘चाकाला’ मधलं ‘का’ होतं. नेहमीची शब्दसीमेची खूण वापरली तर काहीच येईना. तासभर गेल्यावर उमगलं की तिथल्या रेजेक्समध्ये ती खूण फक्त रोमन अक्षरं ओळखते, देवनागरीला लागू पडत नाही. उपाय सोपा निघाला: शब्दाच्या आधी ‘ओळीची सुरुवात किंवा स्पेस’ आणि नंतर ‘स्पेस किंवा ओळीचा शेवट’ असं लिहायचं. आणि कसं, कसे, कसा, कशी अशी सगळी रूपं वेगवेगळी घालायची. मराठीत साइट चालवणाऱ्या कुणाचा तरी तास वाचावा म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

हाती आलेल्या ओळींत चेनबद्दल चार वेगळी क्रियापदं सापडली: चेन उतरते, चेन घसरते, चेन स्लिप होते, चेन उडी मारते. मी ही सगळी एकाच दुखण्याची नावं समजत होतो. कागद दादापुढे ठेवला. त्याने दोन शब्दांवर गोल केला आणि दोन शब्दांखाली रेघ ओढली.

उतरते, घसरते: चेन दातावरून निघून बाजूला पडते. बहुतेक वेळा डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) लिमिट स्क्रूचं काम, नाहीतर हॅन्गर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) वाकलेला. स्लिप होते, उडी मारते: चेन जागेवरच असते, पण पेडलवर जोर दिला की दातावरून सटकून पुढच्या दातावर बसते. ती झीज. आणि नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांचा संच) घातली की हटकून असं होतं.

म्हणजे आमचा ‘चेन घसरण्याची कारणं’ हा लेख दोन वेगळ्या आजारांना एकच गोळी देत होता. वाचक परत जात होता यात नवल नाही. विषय शोधायला गेलो आणि चूक सापडली, पण त्या चुकीतून दोन पक्के विषय निघाले.

रविवार, 17 ऑगस्ट

बेंचवर एक वही बांधून ठेवली. दादाला कुणी काही विचारलं की त्याने तो प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा. सुधारून नाही. पहिल्या दोन दिवसांत दादाने ‘डिरेलर ॲडजस्टमेंट’, ‘हब सर्व्हिसिंग’ असं लिहिलं. मी म्हटलं, असं कोण विचारतं? मग खरे प्रश्न आले: ‘मागून टिकटिक आवाज येतो पण हाताने फिरवलं की येत नाही’, ‘ब्रेक दाबला की चाक थरथरतं’, ‘चेन मोजायचं ते यंत्र नाही, तर काय?’

तिसरा प्रश्न टूलमध्ये घातला. महिन्याला शोध: शून्य. गूगल म्हणतं, रोजच्या शोधांपैकी 15 टक्के शोध त्यांनी त्याआधी कधीच पाहिलेले नसतात. टूलचं शून्य म्हणजे कुणीच विचारत नाही असं नव्हे, टूलच्या मापात बसत नाही एवढंच.

लेख त्याच दिवशी झाला, कारण दादाला तो तोंडपाठ होता. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. आतली-बाहेरची जोडी एक इंचाची. अशा बारा जोड्या नव्या चेनवर पिन ते पिन बरोबर बारा इंच, म्हणजे 304.8 मिमी भरतात. 306.3 च्या आसपास आली तर ती 0.5 टक्के वाढली, 307.1 म्हणजे 0.75 टक्के. अकरा-बारा गिअरच्या चेनला 0.5 वरच बदला, त्याहून कमी गिअरच्या चेनला 0.75 पर्यंत चालतं. स्टीलची पट्टी, चेनवर ताण देऊन, पिनच्या एकाच कडेपासून. फोटो दादाच्या काळ्या बोटांसकट टाकले. बोटं धुऊन पुन्हा काढू म्हणत होता, मी नको म्हटलं.

बुधवार, 27 ऑगस्ट

कालपासून गूगलचं स्पॅम अपडेट (फसव्या युक्त्या वापरणारी पानं गाळणारं) सुरू झालंय. आमच्या लेखांना हात लावण्याचा पुन्हा बंद काळ.

योगायोग असा की आजच एक ईमेल आला: पन्नास साइटवरून तुम्हाला लिंक देतो, पैसे नंतर द्या. 2011 च्या पांडाने पातळ मजकुरावर आणि एप्रिल 2012 च्या पेंग्विनने असल्या लिंकांवर बडगा उगारला, त्याला इतकी वर्षं झाली, तरी हा धंदा चालू आहे. उत्तर दिलं नाही.

जाता जाता एक सफाई. जुन्या 40 लेखांत ‘हाऊ-टू’ची स्ट्रक्चर्ड डेटा मार्कअप (लेखातल्या पायऱ्या गूगलला वेगळ्या दाखवणाऱ्या कोडमधल्या खुणा) होती. गूगलने ते रिझल्ट सप्टेंबर 2023 मध्येच बंद केले. ती काढली. तिच्यामुळे तोटा काही नव्हता, आता फायदाही काही नाही, पण घर आवरल्यासारखं वाटलं.

मंगळवार, 16 सप्टेंबर

सकाळी दादाचा फोन: “अरे, सगळं संपलं.” सर्च कन्सोलमध्ये इंप्रेशन्सची (आमचं पान निकालांत किती वेळा दिसलं त्याची) रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेलेली. स्पॅम अपडेट चालूच आहे, तेव्हा दोन अधिक दोन करून मीही हादरलो.

मग ही वही कशासाठी सुरू केली ते आठवलं आणि सगळ्या रेघा एकत्र पाहिल्या. इंप्रेशन्स कोसळली. क्लिक्स होते तिथेच. सरासरी पोझिशन उलट सुधारली, 30 च्या पलीकडून विशीत आली. घसरण जवळपास सगळी डेस्कटॉपवर, मोबाइलची रेघ शांत. खऱ्या मारात असं होत नाही. खरा मार बसला की क्लिक्स आधी जातात आणि पोझिशन खाली सरकते.

दुपारपर्यंत उलगडा झाला. गूगलच्या रिझल्टच्या पत्त्याला एक शेपूट जोडलं की एका पानावर शंभर रिझल्ट दिसायचे. रँक मोजणारी टूल्स हेच वापरायची. त्यांचा रोबो शंभर रिझल्ट उघडायचा आणि आमचं 85 व्या क्रमांकावरचं पान कुणा माणसाने न पाहताही ‘दिसलं’ असं मोजलं जायचं. गूगलने ती सोय सप्टेंबरमध्ये बंद केली, तशी ती खोटी इंप्रेशन्सही गेली. खालच्या क्रमांकांची भर निघून गेल्याने सरासरी आपोआप वर आली.

म्हणजे इतके महिने मी ज्या इंप्रेशन्सवर खूश होतो त्यातली बरीचशी यंत्रांची होती. माझ्या ‘पुढे लिहायचे विषय’ या यादीतले निम्मे विषय ‘इंप्रेशन्स भरपूर, क्लिक्स शून्य, इथे संधी आहे’ या तर्काने आलेले. ती यादी फाडली. नवी यादी दादाच्या वहीवरून.

टीप, लाल शाईत: सप्टेंबर 2025 च्या आधीची इंप्रेशन्स आणि नंतरची इंप्रेशन्स यांची तुलना करायची नाही. क्लिक्सची चालेल.

बुधवार, 24 सप्टेंबर

स्पॅम अपडेट 22 ला संपलं. आमच्यावर परिणाम नाही. पुढे चला.

मंगळवार, 14 ऑक्टोबर

‘डाव्या पेडलचा आटा उलटा का असतो’ हा आमचा सगळ्यात जुना चालणारा लेख. 31 च्या यादीतही नव्हता. तरी त्याचे क्लिक्स वर्षभर हळूहळू आटतायत. सप्टेंबरचा घोळ टाळायला फक्त मार्च ते ऑगस्ट पाहिलं: पोझिशन पहिली-दुसरीच, क्लिक्स मात्र निम्मे.

स्वतः शोधून पाहिलं. वरती एआयचं उत्तर, चार ओळींत, बरोबर आणि पुरेसं. मी वाचक असतो तर मीही खाली उतरलो नसतो. हे एआय ओव्हरव्ह्यू अमेरिकेत मे 2024 मध्ये आले, मग पसरत गेले. सर्च कन्सोल त्यातले क्लिक्स वेगळे दाखवत नाही, सगळे ‘वेब’च्या एकूण आकड्यातच धरतं.

यावर तक्रार करण्यात अर्थ नाही. उत्तर खरोखरच एका ओळीचं होतं. मी त्याला आठशे शब्दांचा झगा घातला होता. तेव्हा वहीतल्या प्रत्येक विषयापुढे आता एक चौकट काढली आहे: उत्तर एका वाक्यात संपतं का? संपत असेल तर स्वतंत्र लेख नाही, मोठ्या लेखात एक ओळ. त्यानंतर माणूस काय विचारेल, तो लेख.

पेडलचंच घ्या. आटा उलटा असतो हे कळल्यावर पुढचा माणूस येतो तो असा: “उलटा फिरवून पाहिला, तरी निघत नाही.” किंवा त्याहून वाईट: “आधी सुलटा फिरवला, जोर लावला, आता आटे गेले.” याला एका वाक्यात उत्तर नाही. क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) कशाचा आहे, आटे किती गेलेत, पुन्हा पाडता येतील की बुश बसवावं लागेल, की क्रँकच बदलावा लागेल, हे बघून ठरतं. दादाच्या खोक्यात असे तीन क्रँक पडलेले आहेत. तिघांचे फोटो काढले. या लेखाला आठवडा लागला.

वेगाचं काम याच आठवड्यात उरकलं. फोटो हलके केले, मोबाइलवर मुख्य चित्र आता अडीच सेकंदांच्या आत येतं. मार्च 2024 पासून मोजतात त्या आयएनपीची (बोट लावल्यावर पान किती वेळात प्रतिसाद देतं त्याचं माप) 200 मिलिसेकंदांची मर्यादा आधीच पाळली जात होती. यातून रँक उडी मारेल अशी आशा नाही.

शनिवार, 22 नोव्हेंबर

सर्च कन्सोलच्या आलेखावरच आता टिपण लावता येतं. 9 ऑगस्टची एकत्रीकरणाची तारीख लावली, 14 ऑक्टोबरचीही. अपडेटच्या तारखा मुद्दाम शेवटी लावल्या. आधी आपण काय केलं ते दिसू दे.

एकवीसपैकी चौदा पानं नव्याने लिहून झाली. तीन दुसऱ्या लेखांत जिरवली. चारांना काय करावं सुचत नाही. ती चांगली आहेत असं आम्हा दोघांनाही वाटतं आणि तरी ती खाली आहेत. तशीच ठेवली.

शुक्रवार, 12 डिसेंबर

कालपासून डिसेंबरचं कोअर अपडेट. दादाने विचारण्याआधीच फोन करून सांगितलं, कशालाही हात लावू नकोस. तो म्हणाला, “मी बेअरिंग साफ करतोय, मला वेळ आहे कुठे.”

मंगळवार, 13 जानेवारी 2026

अपडेट 29 डिसेंबरला संपलं. आठवडा जाऊ दिला. 4 ते 10 जानेवारी आणि 30 नोव्हेंबर ते 6 डिसेंबर, पुन्हा रविवार ते शनिवार. मधे वर्षअखेरीची सुट्टी असल्याने गेल्या जानेवारीचा तोच आठवडाही शेजारी ठेवला.

चेनचं एकत्र केलेलं पान तिसऱ्यावर आहे. पट्टीने चेन मोजायचा लेख, ज्याला टूलने शून्य दिलं होतं, रोज थोडे थोडे का होईना वाचक आणतो. त्याला आणणाऱ्या क्वेरींत एकसारख्या दोन नाहीत. नव्याने लिहिलेल्या चौदांपैकी आठ वर आली, चार तिथेच, दोन आणखी खाली गेली. त्या दोन पानांवर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली होती.

ज्या चार पानांना हात लावला नव्हता, त्यातलं एक आपणहून पाचव्यावर येऊन बसलंय. याचं कारण माझ्याकडे नाही, आणि ते शोधण्यात आजची संध्याकाळ घालवायची नाही.

एकूण क्लिक्स अजून गेल्या जूनपेक्षा कमीच आहेत. पेडलचा जुना लेख त्यातला मोठा खड्डा; तो भरून निघेल असं वाटत नाही.

बेंचवरच्या वहीत आजची ओळ: ‘फक्त चढावर कट्-कट् आवाज येतो, सपाटीवर नाही, दोघांना दाखवली, दोघांनी बॉटम ब्रॅकेट बदलला, तरी येतो.’ दादाने खाली लिहिलंय: सीटपोस्ट. उद्या फोटो.